निगा आणि कसब

मोठ्या नैतिक प्रश्नांवर माणसे सभा भरवून वाद घालतात. लहान प्रश्न मात्र प्रत्येक जण बाजारात उभा राहून, खिशात हात घालता घालता, एकटाच सोडवून टाकतो. सत्य, अहिंसा, परोपकार यांविषयी पिढ्यानपिढ्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. परंतु घरात एखादे अवजार आणावे की न आणावे, आणावयाचे तर किती किमतीचे आणावे, आणि त्या अवजाराने जे काम आपण करू म्हणतो ते मुळात आपले की दुसऱ्याचे, ह्याचा खल कोणी सहसा करीत नाही. ‘परवडते की नाही’ एवढे एकच माप लावून आपण मोकळे होतो. हे माप वाटते तितके सरळ नाही, हे आम्हांस एका अगदी क्षुल्लक खरेदीने शिकविले. ती खरेदी म्हणजे सायकल घरच्या घरी दुरुस्त करता यावी म्हणून तिला उचलून धरणारा एक स्टँड.

विषय इतका किरकोळ पाहून वाचक हसतील. हसावे, आम्हीही प्रथम हसलोच होतो. तथापि तीन हजार सहाशे रुपये आणि एक वाकडी झालेली सायकल एवढे मोल देऊन जो विचार हाती आला, तो वाचकांपुढे ठेवण्यास हरकत नाही असे वाटते.

आम्ही राहतो उंब्रजला. तारळी जेथे कृष्णेस मिळते तेथले हे गाव. समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एक आमच्या गावी आहे. पुण्याहून बंगळूरकडे जाणारा महामार्ग गावाला लागूनच जातो, आणि त्यावरून धावणाऱ्या वाहनांचा आवाज रात्रीही थांबत नाही. ह्या गडबडीत सायकल मागे पडली असे कोणास वाटेल. पण सकाळी चाफळच्या रस्त्याला लागले की शाळेची मुले, दुधाच्या किटल्या लावलेले गवळी आणि शेतावर निघालेले म्हातारे अजून सायकलीवर दिसतात. वैद्यकीय सल्ल्याने आम्हीही काही वर्षांपूर्वी त्यांच्यात सामील झालो. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाचा व्यायाम बहुधा खडू आणि फळा यांच्यापुरताच उरलेला असतो. त्याला दहा-अकरा किलोमीटरांवरचे चाफळ हे बरे प्रायश्चित्त आहे.

आमच्या घरी सायकली दोन. एक वडिलांची, काळी, लोखंडी, दणकट, वीस किलोंहून अधिक वजनाची. दुसरी आमची, अॅल्युमिनियमची, गिअरची, हलकी. ह्या दोहोंतील सर्वांत मोठा भेद रंगाचा किंवा वेगाचा नव्हे. वडिलांच्या सायकलीला मागच्या चाकाशी दुपाखी स्टँड आहे. पायाने तो दाबून गाडी मागे ओढली की मागचे चाक जमिनीपासून अधांतरी उचलले जाते आणि पायडल मारून ते हवे तितका वेळ फिरविता येते. म्हणजे ज्या काळी ही सायकल घडली त्या काळी तिच्या कारागिराने असे गृहीत धरले होते की, मालक तिला घरी तेल घालील, चाक फिरवून पाहील, चेनची ढिलाई जोखील. दुरुस्तीचा स्टँड तिच्या अंगातच होता. नव्या सायकलीला हा अवयव नाही. ती भिंतीला टेकवून ठेवावयाची, आणि काही बिघडले की दुकानात न्यावयाची. तिच्या घडणीतच मालक आणि दुरुस्ती यांची ताटातूट झालेली आहे.

आणि नव्या सायकलीलाच तर स्टँडाची गरज अधिक. गिअरची तार नीट ताणलेली आहे की नाही हे पाहावयाचे तर एका हाताने पायडल फिरवीत दुसऱ्या हाताने खटका दाबावा लागतो, आणि त्या वेळी मागचे चाक अधांतरी हवे. खेड्यातील जुना उपाय म्हणजे सायकल सीट व हँडल यांवर उलटी उभी करणे. पंक्चर काढण्यास तो आजही उत्तम आहे. पण गिअरच्या सायकलीला तो सोसत नाही. हँडलावरचे खटके चिरडतात. ज्या ब्रेकमध्ये तारेऐवजी तेल असते, त्याच्या टाकीतील हवा उलट्या अवस्थेत नळीत शिरू शकते आणि मग ब्रेक दाबला असता तो कापसासारखा मऊ लागतो. एकंदरीत, स्टँड हवा हे ठरले. प्रश्न राहिला तो कोणता, आणि केवढ्याचा.

बाजारात चौकशी केली तेव्हा चार प्रकार दिसले. पहिला, मागच्या चाकाच्या आसाशी दोन्ही अंगांनी धरून ते चाक वीतभर उचलणारा. हा काही शेकड्यांत मिळतो. चेन पुसणे, तेल देणे, गिअर जुळविणे, मागचा ब्रेक पाहणे एवढी कामे त्यावर होतात. मात्र मागचे चाक काढता येत नाही आणि वाकून किंवा पाटावर बसून काम करावे लागते. दुसरा, भिंतीतील अथवा तुळईतील आकडे. ह्यात सायकल लोंबत राहते आणि जोर लावला की हलते. तिसरा, तिपाईसारखा उभा खांब व त्याच्या शेंड्याला सायकल पकडणारा जबडा. सायकल छातीच्या उंचीवर येते, दोन्ही चाके मोकळी राहतात, हवी तशी कलती करता येते. ह्याची किंमत काही हजारांत जाते. चौथा प्रकार शर्यतींच्या कारागिरांचा: ह्यात सायकल पायडलांच्या आसाखालच्या भागावर टेकते आणि एक चाक काढून तिचा चिमटा किंवा मागचा पट्टा जखडला जातो. सर्वांत स्थिर हाच, आणि महागही.

ज्यास तिसऱ्या प्रकारातला घ्यावयाचा असेल त्याने चार गोष्टी पाहाव्या, असे आम्ही ठेच लागल्यानंतर सांगू शकतो. त्यावर किती किलो वजन पेलेल हे लिहिलेले असते, ते आपल्या सर्वांत जड सायकलीशी ताडून पाहावे. पायांचा पसारा रुंद असावा. पसारा अरुंद असेल तर खांब कितीही जाड असून उपयोग नाही. जबडा धातूचा असावा व आतून रबराचा. आणि सायकल धरावी ती सीटखालच्या दांड्याला; पातळ अॅल्युमिनियमच्या नळीला जबडा लावला तर नळी चेपते, आणि कार्बनच्या सांगाड्याला तर लावूच नये.

हे ज्ञान तेव्हा आम्हांस नव्हते. आम्ही तिसऱ्या प्रकारातला, आणि त्यातला सर्वांत स्वस्त, मागविला. विक्रेत्याचे नाव सांगण्यात हशील नाही, कारण दोष त्याच्याइतकाच आमच्या लोभाचाही होता. कारागिराच्या इतमामाचे अवजार आम्हांस गृहस्थाच्या किमतीत हवे होते. पहिल्या पाच-सहा रविवारी त्याने मोठा आनंद दिला, हे मान्य केले पाहिजे. पडवीत सायकल अधांतरी उभी आहे, आपण धोतराच्या जुन्या फडक्याने चेनची एकेक कडी पुसत आहोत, चाक फिरते आहे आणि फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू येते आहे, ह्या सुखाची जात निराळीच. पुढे एका रविवारी वडिलांच्या सायकलीचे पायडल बदलण्याची बुद्धी झाली. सीटखालचा दांडा आखूड, म्हणून जबडा आडव्या नळीला लावला. पायडल गंजून बसलेले. पाना लावून सारा भार टाकला. पायडल सुटले नाही. सुटला तो जबडा. प्लास्टिकचा एक कान तुटला, तिपाई कलली आणि वीस किलोंचे लोखंड शेजारी टेकविलेल्या नव्या सायकलीवर आदळले. गिअर ज्या कानाला अडकविलेला असतो तो कान वाकला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या टपरीत सायकली दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. वयाने आम्हांहून वडील. सारे गाव त्यांस तात्या म्हणते, आम्हीही म्हणतो. त्यांच्याकडे स्टँड असा नाहीच. टपरीच्या आडव्या लोखंडी नळाला दोन साखळ्या, साखळ्यांना आकडे, आकड्यांवर जुन्या ट्यूबचे वेष्टन. एक आकडा सीटखाली, एक हँडलाला. एवढ्या सामग्रीवर त्यांनी पस्तीस वर्षे काढली. आम्ही दोन्ही सायकली व तुटका स्टँड घेऊन, पकडल्या गेलेल्या विद्यार्थ्याच्या मुद्रेने त्यांच्यापुढे उभे राहिलो. त्यांनी स्टँड हातात घेऊन सगळीकडून पाहिला, आणि विचारले, “सर, तुमास्नी सायकल पुसायची हुती, का खोलायची हुती?”

आम्ही गोंधळलो. म्हणालो, “दोन्ही, तात्या.”

“पुसायला एवढं कशाला, आन् खोलायला एवढ्यानं काय हुतंय?”

ह्या एका वाक्यात आमच्या खरेदीचे सर्व परीक्षण झाले. जे काम खरोखर आमचे होते त्यास तो स्टँड जास्त होता, आणि जे काम आमचे नव्हते त्यास तो अपुरा होता. मधल्या एका काल्पनिक कामासाठी, म्हणजे आपण कारागीर आहो ह्या कल्पनेसाठी, आम्ही पैसे मोजले होते.

घरी परतताना हा विचार आम्हांस सोडीना. आमच्या भागाला स्वावलंबनाचा अभिमान आहे आणि तो पोकळ नाही. १९१९ साली कराड तालुक्यातील काले ह्या गावी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि स्वावलंबी शिक्षण हेच तिचे ब्रीद ठरविले. मुलांनी हातांनी कमवावे व शिकावे, ही गोष्ट त्यांनी व्याख्यानात न ठेवता वसतिगृहात आणली. हेच भाऊराव उमेदीच्या काळात किर्लोस्करांचे नांगर विकीत खेडोपाडी हिंडले होते. आणि त्या किर्लोस्करांचा आरंभ कोठे झाला? सायकलींत. १८८८ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे बंधू यांनी उद्योगाला हात घातला तो सायकलींच्या दुकानाने. त्याच वर्षी तिकडे बेलफास्टला डनलॉप यांनी हवेने भरलेल्या टायरची युक्ती साधली होती. म्हणजे सायकल ही वस्तूच तेव्हा जगाला नवी होती. तिच्या दुकानातून पुढे कडबा कापण्याची यंत्रे, लोखंडी नांगर आणि १९१० साली कुंडलजवळच्या माळावर उभी राहिलेली किर्लोस्करवाडी, असा तो विस्तार झाला.

अशा परंपरेत वाढलेल्या मनुष्यास ‘तुझे काम तूच कर’ हा उपदेश आईच्या दुधाबरोबर मिळतो. त्यात आमचे शिक्षण इंग्रजी. तेथे एमर्सनचा ‘सेल्फ रिलायन्स’ हा १८४१ सालचा निबंध वाचला, शिकविला. परंतु त्याच शिक्षणात अॅडम स्मिथही होता. १७७६ साली त्याने टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण देऊन दाखविले की, सुमारे अठरा क्रिया वाटून घेऊन दहा माणसे दिवसाला अठ्ठेचाळीस हजार टाचण्या करतात. एकेकटा बसला तर वीसही होणे कठीण. तेव्हा प्रत्येकाने आपापले कसब करावे आणि दुसऱ्याचे विकत घ्यावे, ह्यातच सर्वांचे हित. एक म्हणतो स्वतः कर. दुसरा म्हणतो करणाऱ्याकडून करून घे. सायकलीचा स्टँड घ्यावयास निघालेला मनुष्य ह्या दोघांच्या मध्ये उभा असतो, त्यास त्याची जाणीव असो वा नसो.

गांधीजींच्या आश्रमव्रतांत हाच पेच निराळ्या रूपाने आहे. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांस लिहिलेल्या पत्रांत त्यांनी ह्या व्रतांचे विवरण केले. त्यांत शरीरश्रम आहे आणि असंग्रहही आहे. शरीरश्रम म्हणतो, आपल्या हातांनी राबा. पण राबावयास अवजार लागते. असंग्रह म्हणतो, ज्याची आज गरज नाही ते घरात ठेवू नका. आमच्या पडवीतील तिपाई महिन्यातून दोन दिवस शरीरश्रमाचे साधन होती आणि उरलेले अठ्ठावीस दिवस असंग्रहाचा भंग. थोरोने ‘वॉल्डन’मध्ये, १८५४ साली, वस्तूची किंमत तिच्यासाठी खर्ची पडणाऱ्या आयुष्याने मोजावी असे सुचविले आहे. त्या मापाने पाहता स्वस्त म्हणून घेतलेली आणि कोपऱ्यात उभी राहिलेली वस्तू ही सर्वांत महाग. आम्ही गणित करून पाहिले. महिन्यातून दोनदा वापरली आणि पाच वर्षे टिकली, तर तीन हजार सहाशेंची ती तिपाई एकशेवीस वेळा कामास येणार. म्हणजे दर खेपेस तीस रुपये. तेवढ्या पैशांत काय काय येते ते बाजूला ठेवा. पण चेनला तेल घालण्यासाठी तीस रुपये भाडे आम्ही कोणास दिले नसते.

मग ह्या पेचातून वाट कोणती? ती तात्यांच्या प्रश्नातच आहे असे आम्हांस वाटते. पुसणे आणि खोलणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीस निगा म्हणावे, दुसरीस कसब. निगा ही मालकीतून उत्पन्न होणारी जबाबदारी आहे. वस्तू माझी, म्हणून तिच्यावरचा चिखल मी पुसावा, चेनला तेल मी द्यावे, चाकात हवा मी भरावी, ब्रेकचे रबर झिजले आहे की नाही हे मी पाहावे. पंक्चरसुद्धा, हातांत धग असेल तोवर, मीच काढावे. ह्यास विशेष शिक्षण लागत नाही. लागते ते लक्ष. आणि लक्ष ही गोष्ट पैसे देऊन दुसऱ्यास सोपविता येत नाही. जो आपल्या सायकलीची चेन कधी पुसत नाही, त्याला ती झिजल्याचे कळते ते ती चढावर तुटल्यावरच.

कसब निराळे. चाकाचा आउट काढणे घ्या. छत्तीस ताऱ्यांपैकी कोणती किती आवळावयाची आणि कोणती सोडावयाची, हे तात्या चाक फिरवून, त्याच्या कडेशी अंगठ्याचे नख धरून ओळखतात. त्यांच्या नखाला जे कळते ते आम्ही कितीही वाचले तरी आम्हांस कळावयाचे नाही. त्यासाठी शेकडो चाके हाताखालून जावी लागतात. पायडलांच्या आसातील गोळ्या बदलणे, फ्रीव्हील उतरविणे, वाकलेला कान सरळ करणे ही सारी त्याच जातीची कामे. येथे ‘मी माझे करीन’ म्हणणे हे स्वावलंबन नव्हे. त्यात दुसऱ्याच्या विद्येविषयीचा अनादर असतो, आणि बहुधा त्याच्या मजुरीचे चार पैसे वाचविण्याचा हेतूही असतो. आम्ही स्वतः प्राध्यापक आहो. चार पुस्तके विकत घेतली की शिक्षकाचे कारण उरले नाही असे कोणी म्हटले म्हणजे आम्हांस राग येतो. मग एक तिपाई विकत घेतली की तात्यांचे कारण उरले नाही असे आम्ही का मानावे?

परवडणे ह्या शब्दाचा अर्थ येथे स्पष्ट होतो. आपल्या वाट्याच्या कामास जे पुरते आणि त्याहून फार अधिक नसते, ते अवजार परवडणारे. खिशात पैसे आहेत एवढ्याने वस्तू परवडत नाही. आणि किंमत कमी आहे एवढ्यानेही नाही. आधी काम ठरवावे, मग अवजार. आम्ही नेमके उलट केले होते: अवजार आणले आणि त्यास शोभेल असे काम शोधीत बसलो. गंजलेल्या पायडलाला हात घातला तो त्यामुळेच.

ह्यावर दोन आक्षेप संभवतात. कोणी म्हणेल, निगा तरी स्वतः का करावी? तुम्ही चेन पुसू लागलात की ती लवकर झिजत नाही. झिजली नाही की तात्यांचे काम कमी होते. गरीब कारागिराच्या तोंडचा घास काढून घेणारे हे कसले नीतिशास्त्र? आक्षेपात कळकळ आहे. पण तो खरा मानला तर वैद्यावर दया करून आजारी पडावे लागेल. आपल्या हलगर्जीपणातून दुसऱ्यास मिळालेली मजुरी हे दान नव्हे. ती त्याच्या कसबाची कदरही नव्हे. ज्यास कारागिराविषयी खरी आस्था आहे त्याने कसबाच्या कामाचे दाम घासाघीस न करता द्यावे. आउट काढण्याचे पन्नास-साठ रुपये देताना जो दहा रुपये कापतो आणि तेच काम शहरातील काचेच्या दुकानात निमूटपणे कित्येक पटींनी देऊन येतो, त्याने कारागिराच्या तोंडच्या घासाची गोष्ट बोलू नये. हा मनुष्य आम्ही जवळून पाहिला आहे. पुष्कळ वर्षे तो आमच्याच कपड्यांत वावरत होता.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. ज्यास सायकल खोलण्याची मनापासून हौस आहे, जो प्राध्यापकी करूनही ते कसब शिकू इच्छितो, त्याने काय करावे? निगा मालकाची व कसब कारागिराचे, ही वाटणी जन्माने किंवा पेशाने कायमची ठरली असे म्हटले, तर तो जातिभेदाचाच नवा अवतार होईल; आणि शिकलेल्यांनी हात काळे करू नयेत ह्या जुन्या रोगाने ह्या देशाचे नुकसान काय थोडे झाले आहे? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ती वाटणी मानली असती तर किर्लोस्करवाडी झाली नसती. तेव्हा आमचे उत्तर असे: कसब कोणीही शिकावे, पण ते शिकावे, विकत घेऊ पाहू नये. ज्यास शिकावयाचे आहे त्याने कारागिराच्या टपरीत त्याच्या सवडीने बसावे, घमेल्यात ट्यूब बुडविण्यापासून आरंभ करावा आणि हात बसल्यावर खुशाल चौथ्या प्रकारचा उत्तम स्टँड घ्यावा. त्याला तो महाग पडणार नाही, कारण त्याचे काम तेवढे वाढलेले असेल. आणि घरी आणल्यावर शेजारच्या मुलांसाठी त्याने पडवीचे दार उघडे ठेवावे. जे अवजार दहा घरांच्या कामास येते त्याने असंग्रहाचा भंग होत नाही.

असो. आमचे पुढे काय झाले ते सांगून हा लेख पुरा करतो. वाकलेला कान तात्यांनी सरळ केला. वडिलांच्या सायकलीचे पायडल त्यांनी रॉकेल सोडून रात्रभर ठेवले आणि सकाळी पान्याला एक हिसका देताच सोडविले. उजवे पायडल एका दिशेने सुटते आणि डावे नेमके उलट दिशेने, हेही तेव्हा त्यांनी दाखविले. आम्ही त्या रविवारी डावे पायडल सोडवीत नसून सारा जोर लावून आवळीत होतो! तुटक्या तिपाईचे काय करावे असे त्यांनी विचारले तेव्हा आम्ही ती तेथेच ठेवा म्हणालो. जबड्याचा तुटलेला भाग काढून त्यांनी लोखंडी पट्टीचे दोन तुकडे बोल्टांनी बसविले, आत जुन्या टायरचे अस्तर दिले, आणि पायांना खाली फळी ठोकून पसारा वाढविला. आता जड सायकली साखळीवर आणि गिअरच्या हलक्या सायकली तिपाईवर, अशी टपरीत वाटणी झाली आहे. रोज आठ सायकली तिच्यावर चढल्या असे धरले तर पंचवीस दिवसांत दोनशे होतात. म्हणजे आमच्याकडे पाच वर्षांनी जी दर खेपेस तीस रुपयांना पडली असती, ती तेथे महिन्याभरातच अठरा रुपयांवर आली, आणि पुढे रोज उतरत आहे. वस्तू तीच, ती परवडू लागली ती जागा बदलल्यावर.

तात्यांनी तिची किंमत विचारली. आम्ही सांगितली नाही. त्यांनी फुकट घेण्याचे नाकारले. शेवटी असे ठरले की, वर्षातून एकदा आमच्या दोन्ही सायकलींचे ओव्हरहॉलिंग तीन वर्षे त्यांनी करावे. हिशेबात कोणाचा फायदा झाला ह्याची चौकशी आम्ही केलेली नाही.

आमच्या पडवीत आता पहिल्या प्रकारचा, मागचे चाक वीतभर उचलणारा, काही शेकड्यांचा स्टँड आहे. रविवारी सकाळी आम्ही पाट घेऊन त्याच्याशेजारी बसतो, चेन पुसतो, तेलाचे थेंब मोजून सोडतो, आणि चाक फिरवून गिअरचा आवाज ऐकतो. आवाज बदललेला वाटला तर फडके खाली ठेवतो, हात धुतो, आणि सायकल हाती धरून गल्लीच्या तोंडापर्यंत चालत जातो.